डाव्या कानातला हिरवा मणी

"मॅडम, जरा उधर देखना… नहीं, थोडा और. हां, बस."

असं म्हणून त्याने माझ्या डाव्या कानाचा फोटो काढला. एक नाही, तीन. तिसऱ्या वेळी कानाशेजारी रुपयाचं नाणं धरायला सांगितलं, माप कळावं म्हणून. मी धरलं. गेल्या वर्षीचा जुलै, गोरेगावचं प्रदर्शन, बाहेर धो धो पाऊस, माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि मी एका अनोळखी माणसाच्या स्टॉलवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून स्वतःच्या कानाला नाणं लावून फोटो काढून घेत होते. त्याच्या डोक्यावर लाल अक्षरांत पाटी होती, 'फोटो काढण्यास सक्त मनाई आहे'. ती पाटी मला बसल्या बसल्या दिसतही होती. तरी त्या वेळी हसू आलं नाही की राग आला नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. पंधरा-सोळा वर्षं मी या प्रदर्शनांना जाते आहे. 'हे कुठलं? डझनाला काय लावलंय?' असं दर वेळी मीच विचारायचं. मला, म्हणजे माझ्या अंगावरच्या वस्तूबद्दल, तिथे पहिल्यांदाच कुणी तरी विचारलं होतं.

कानात आत्याच्या कुड्या होत्या. मध्ये एक आणि भोवती सहा, अशा सात मोत्यांच्या. उजवी कुडी आहे तशी आहे. डावीतला एक मोती ऐंशीच्या सुमारास प्रीतिसंगमावर धुणं धुताना पाण्यात गेला. कृष्णेत गेला की कोयनेत, यावर आत्या आणि नाना, म्हणजे माझे वडील, पुढे कितीतरी वर्षं वाद घालायचे. सोनार म्हणाला, या मापाचा मोती पुण्याहून मागवावा लागेल, तोवर हे असू दे. कुठल्याशा तुटलेल्या माळेतला हिरवा मणी त्याने त्या जागी ओवून दिला आणि वरून तार पिळून घेतली. जवळून बघितलं तर तो पीळ समोरूनच दिसतो, मण्याच्या अंगाला, तिरका. 'तोवर' म्हणजे आता पंचेचाळीस वर्षं झाली. आत्याच्या कानाची भोकं ओघळली तेव्हा तिने कुड्या मला दिल्या. मी त्या खरेदीला जाताना घालते. घरंदाज दिसतं, आणि समोरचा उधारीबद्दल जरा सबुरीने बोलतो.

आमचं कराडात कटलरीचं दुकान आहे. (मुंबईच्या मैत्रिणींना अजूनही वाटतं की मी काटे-चमचे विकते.) टिकल्या, बांगड्या, क्लचर, साडीपिना, नेलपेंट, गळ्यातली-कानातली, गौरीचे दागिने, संक्रांतीला हलव्याचे, लग्नसराईत मुंडावळ्या. नानांनी दुकान टाकलं तेव्हा 'ट्रेंड' हा शब्द गावात नव्हता. 'निघालंय' असं म्हणायचे. 'सध्या काय निघालंय?' म्हणत बायका पायरी चढायच्या, आणि त्या चढायच्या आत नानांना ते ठाऊक असावं लागायचं. नाना महिन्यातून एकदा रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबईला जायचे. अब्दुल रहमान स्ट्रीट, भुलेश्वर, एक वडापाव आणि परतीची गाडी. पण माल कुठला उचलायचा हे ठरवायची आई. ती सोबत असली की दादरला उतरल्यावर नाना तिला लोकलच्या लेडीज डब्यात बसवून द्यायचे. दादर ते चर्चगेट, चर्चगेट ते दादर. काम काही नाही, नुसतं बघायचं. कुणाच्या केसांत काय आहे, कानात लोंबतं आहे की चिकटून बसलं आहे, बांगड्या दोन्ही हातांत आहेत की एकाच. डब्यात पुठ्ठ्यांवर कानातली लावून फिरणाऱ्या विक्रेत्या असायच्या. आई त्यांच्याकडून प्रत्येकी एकेक जोड घ्यायची, रुमालात बांधायची आणि दादरला उतरून नानांच्या हातात द्यायची. त्या रुमालावर आमची खरेदी व्हायची. डब्यातल्या बाईने जे पुठ्ठ्यावर वरच्या ओळीत लावलंय ते खपतंच, हे आईचं शास्त्र. खालच्या ओळीतलं ती बघायचीसुद्धा नाही.

एकदा आईला यायला जमलं नाही म्हणून नाना स्वतःच दादरच्या पुलावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या बायकांचे अंबाडे न्याहाळत होते. हवालदाराने हटकलं. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, आई सांगायची.

आता मी जाते ती प्रदर्शनं वेगळी. राममंदिर स्टेशनला उतरायचं, छत्री सावरत चालत नेस्कोचं गेट गाठायचं, रांगेत उभं राहून मोबाइलवरचा चौकोन दाखवायचा, की गळ्यात पट्टा पडतो आणि त्यावर नाव, गाव आणि 'रिटेलर'. आत शिरलं की पहिला वास नव्या प्लायवुडचा, मग गालिच्याखालच्या गोंदाचा, मग अत्तर आणि घाम. थंडी अशी की ओले कपडे अंगावरच गार पडतात. इंदूर, हुबळी, रायपूर, नागपूर, सगळीकडचे लोक ट्रॉलीच्या बॅगा ओढत असतात. बोलणं हिंदीत, हिशेब गुजरातीत. मराठी ऐकू येतं ते बहुतेक चहावाल्याकडून आणि सिक्युरिटीच्या पोरांकडून, हे मला दर वेळी टोचतं आणि दर वेळी पुढच्या स्टॉलला पोचेपर्यंत विसरायला होतं. आणि तो उजेड! पांढऱ्या दिव्यांखाली पितळसुद्धा बावीस कॅरेट दिसतं. नाना कुठलाही पीस हातात घेतला की दुकानाच्या दाराशी न्यायचे, सूर्याच्या उजेडात. इथे दार अर्धा किलोमीटर लांब. पहिल्या वर्षी मी इथून 'अँटिक गोल्ड' म्हणून उचललेले चार डझन झुमके कराडच्या ट्यूबलाइटखाली शेवाळलेल्या तांब्यासारखे दिसले. त्यातले काही अजून माळ्यावर आहेत.

जुलैत तिथे एक कोपरा 'ट्रेंड'चा म्हणून राखलेला होता. भिंतभर रंगांचे चौकोन, आणि काळ्या कपड्यांतली एक मुलगी माईकवरून सांगत होती की हे वर्ष 'मोका मूस'चं आहे. पॅन्टोन या रंगांच्या अमेरिकन कंपनीने २०२५ साठी जाहीर केलेला रंग. माझ्या शेजारी साताऱ्याचे एक दुकानदार उभे होते. ते हळूच म्हणाले, "म्हणजे कॉफी कलर ना?" मी म्हटलं, "फिका. मातकट म्हणा." आदल्या वर्षीचा 'पीच फझ' होता, तो बराचसा आपल्या अबोलीच्या घरातला. पण अबोली म्हटलं की गजरा आठवतो, मूस म्हटलं की काय आठवायचं? त्या मुलीची चेष्टा करण्यात अर्थ नाही, ती तिचं काम चोख करत होती. तिनेच सांगितलं की १९६३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली इंटरकलर नावाची संस्था आहे, निरनिराळ्या देशांची माणसं तिच्यात वर्षातून दोनदा बसतात आणि साधारण दोन वर्षांनी कुठले रंग चालतील ते आजच ठरवतात. मग सूतवाले, कापडवाले, बटणवाले त्या धोरणाने कामाला लागतात. त्यामुळे तो रंग चालतोच, कारण बाजारात दुसरा मिळतच नाही. हे ऐकून साताऱ्याचे गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, "आपले नऊ रंग तसेच की."

बरोबर होतं त्यांचं. २००३-०४ च्या सुमारास एका मराठी दैनिकाने नवरात्रीचे नऊ रंग छापायला सुरुवात केली, आणि आज ते अगदी देवीनेच सांगितल्यासारखे पाळले जातात. वारावरून रंग: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, शनिवारी राखाडी. हा राखाडी बघा. माझ्या लहानपणी राखाडी बांगड्या कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. लाख रुपये दिले तरी सवाष्णीने हातात घातल्या नसत्या. आता गणपती उठले की बँकेतल्या, शाळेतल्या, पंचायत समितीतल्या बायका राखाडीच्या चौकशीला येतात आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडच्या राखाडी टिकल्यासुद्धा संपतात. पॅरिसला दोन वर्षं आधी बसावं लागतं. आम्हाला घटस्थापना कुठल्या वारी आहे एवढं कालनिर्णयात बघितलं की पुढच्या वर्षीचा माल आजच सांगता येतो.

एकदा हौसेने ग्रेटर नोएडालाही गेले होते, हस्तकला निर्यात परिषदेचं मोठं प्रदर्शन भरतं तिथे. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. मुरादाबादचं पितळ, संभळचं शिंग आणि हाड, त्याच्या बांगड्या, बटणं, पेंडंट. शिंगाची एक बांगडी हातात घेतली तर इतकी गार आणि गुळगुळीत की खाली ठेववेना. पण मी दोन डझन म्हटल्यावर त्या भल्या माणसाने मला फक्त चहा पाजला. ते कंटेनरच्या भाषेत बोलणारे लोक. उन्हाळा तोंडावर आलेला आणि त्यांच्या टेबलांवर नाताळचे तारे. तिथून आल्यावर ठरवलं, आपलं गोरेगाव बरं.

आता तो फोटो. त्या जुलैत तिथे ज्याच्या त्याच्या तोंडी कोल्हापुरी होती. जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायांत थेट आपल्या चपला दिसल्या होत्या, आणि सुरुवातीला त्यांना नुसतं चामड्याची सँडल म्हटलं होतं. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, आपल्याकडचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. इकडून ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेने पत्र लिहिलं, मग त्यांनी भारतातल्या कारागिरांची ही परंपरा असल्याचं मान्य केलं. मीसुद्धा तेव्हा चवताळले होते. तीन ग्रुपांवर मेसेज पुढे ढकलला, एका मामेभावाशी भांडले. तो म्हणत होता, 'अगं, जाहिरात झाली की फुकटात.' आणि हे सगळं करून आठ दिवस होतात न होतात तोच मी कानाला नाणं धरून बसले होते.

आणि मी तरी काय विकते? गल्ल्यासमोरच्या काचेत बघितलं तर सगळी नक्कलच आहे. २०१३ नंतर 'जान्हवी मंगळसूत्र' मागायला बायका यायच्या. मालिकेतल्या सुनेच्या गळ्यातलं, लांब. पेढ्यांवर ते सोन्यात होत होतं, आमच्याकडे दीडशे रुपयांत. ठुशी, तन्मणी, वज्रटीक, सगळं एक ग्रॅममध्ये. यातलं कुठलंही मी कुणाला विचारून विकलेलं नाही. विचारायचं कुणाला? नक्कल करणंही आता सोपं झालंय. फोटोवरून मूळ नमुना करतात, त्याचा रबराचा साचा काढतात, त्यात हलक्या प्रतीचा धातू ओततात, झिलई, वरून सोन्याचं पाणी, शेवटी खडे-मोती चिकटवायला बायका बसतात. मालाडला, राजकोटला. एकदा साचा झाला की तो नमुन्यात जे असेल ते सगळं उचलतो. नक्षी कुठली आणि चूक कुठली, हे रबराला कळत नाही.

हे मला यंदा कळलं.

यंदा हिवाळ्यात पुन्हा गेले. आदल्या डिसेंबरात पॅन्टोनने २०२६ चा रंग पांढरा सांगितला होता, 'क्लाउड डान्सर'. त्यामुळे प्रदर्शनभर पांढरं. पांढरे क्लचर, पांढरे हेअरबँड, शिंपल्यांची कानातली आणि मोतीच मोती. साताऱ्याचे गृहस्थ भेटले. म्हणाले, "या वेळी सोपं आहे, भाषांतर करायला नको." त्याच ओळीत, त्याच जागी तो स्टॉल होता. पाटी तीच. माणूसही तोच, फक्त मिशी काढली होती. त्याने मला ओळखलं नाही. कानात त्या दिवशी साधे खडे होते, आणि माझ्याकडे बघून कुणाला काय आठवणार? काचेवर वरच्या ओळीत पांढऱ्या कार्डांवर कुड्या लावल्या होत्या. सात मोत्यांच्या. सहा पांढरे, एक हिरवा.

मी एक कार्ड उचललं. हात जरा थरथरत होता, ते थंडीमुळे असं मी स्वतःला सांगितलं. हिरवा मणी बरोबर त्याच जागी, घड्याळात चार वाजतात तिथे. पण खरा नवल करण्यासारखा प्रकार त्याच्या शेजारी होता. मण्याच्या अंगाला एक बारीक तिरकी रेघ उठलेली, धातूत ओतलेली. तारेचा पीळ. आमच्या सोनाराने पंचेचाळीस वर्षांपूर्वी घाईत मारलेला पीळ. इथे तार नव्हती, ओवणंच नव्हतं, मोती सगळे चिकटवलेले, तरी पीळ होता. कार्डावरच्या दोन्ही कुड्यांना होता. हिरवाही दोन्हींत होता. त्याने फोटो एकाच कानाचा काढला होता ना.

"ये हरा क्यूं है?" मी विचारलं.

"पॉप कलर है मॅडम. असिमेट्रिक. पूरा व्हाइट बोरिंग लगता है." मग जरा पुढे झुकून, "जयपूर का डिझाइन है."

इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. नंतर गाडीत मी किती तरी वाक्यं जुळवली, एकाहून एक धारदार. त्या वेळी तोंडातून आलं ते, "डझन का क्या?" पाचशे चाळीस म्हणाला. मी पाचशेवर आणलं. तीन डझन घेतल्या. त्याने बिल करताना माझं कार्ड मागितलं आणि आधीच्या गठ्ठ्याला स्टेपल केलं. त्या गठ्ठ्यात खाली कुठे तरी माझं जुलैचं कार्डही असणार.

रात्रभर महालक्ष्मीत वरच्या बर्थवर झोप आली नाही. राग शोधत होते, तो काही नीट सापडेना. चोरी म्हणावी तर कुडी कुणाची? आत्याची म्हणावी तर तिच्या सासूची होती, आणि तशा कुड्या घाटावर घरोघर होत्या. त्यातलं फक्त आमचं असं जे होतं ती ती मोडतोड, आणि ती नेमकी विकायला निघाली. दुसरीकडे एक लाजिरवाणा आनंदही होता, तो लपवत नाही. इंदूरच्या, हुबळीच्या दुकानांत आत्याचा डावा कान लटकणार होता. आई असती तर तिने पहिल्यांदा विचारलं असतं, वरच्या ओळीत लावलंय का? लावलं होतं, आई.

दुकानात चांगल्या गेल्या. कॉलेजच्या मुलींनी पंधरा दिवसांत दीड डझन उचलल्या. एकीने रील केलं, त्यात ती मान फिरवते आणि हिरवा चमकतो. उंडाळ्याच्या एक आजी मात्र दुसऱ्याच दिवशी कार्ड घेऊन परत आल्या. "अगं, यात दोन मोती हिरवे आलेत. डिफेक आहे. बदलून दे." मी काही न बोलता पूर्ण पांढऱ्या दिल्या. मला त्या आजींच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

आत्याला दाखवायचं मी लांबवत होते. तिला वाईट वाटेल असं वाटायचं, किंवा वाटणारच नाही असंही. शेवटी एका रविवारी दुकान बंद करून सोमवार पेठेत गेले, कार्ड आणि खऱ्या कुड्या दोन्ही घेऊन. ती पायऱ्यांवर लसूण सोलत बसली होती. सगळं सांगितलं, नाण्यासकट. तिने हात पदराला पुसले, कार्ड डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं.

"दोन्हीला हिरवा?"

"हो. एकाच कानाचा फोटो होता."

"शी! आणि पोरी घेतात हे?"

"घेतात. आवडतं त्यांना."

"मला कधीच आवडला नाही तो मणी," आत्या म्हणाली. "लग्नाकार्यात मी डावा कान पदराखाली ठेवायची. फोटोत बघ माझ्या, कुठल्याही. वन्संच्या लेकाच्या मुंजीपासून." मग तिने कार्डावरची एक कुडी उपटून काढली आणि माझ्या हातात ठेवली. "यातला एक पांढरा सुटा करून दे. बघू बसतो का."

"आत्या, हा प्लास्टिकचा आहे."

"असू दे. दिसायला पांढरा आहे ना?"

भुवयांचा चिमटा घेऊन मी बसले. गोंद असा की मोती हलेना. सुटला तेव्हा मागे पिवळा डाग राहिला आणि माझं नख मोडलं. आत्याने तो मोती तळहातावर घेतला, आपली जुनी कुडी दुसऱ्या हातात धरली, गुडघ्यावर रेटा देऊन उठली आणि दाराशी गेली, उजेडात. नानांचीच बहीण. बराच वेळ दोन्ही हात वरखाली करून बघत राहिली.

"मोठा आहे," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला जाशील तेव्हा लहान आण."